आपला पेपर आपणच तपासताना

निकाल लागला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'येत होतं सगळं, पेपरात सुचलंच नाही.' ऐकणारे मान डोलावतात आणि मनातल्या मनात म्हणतात, बहाणा. मी बरीच वर्षं प्रश्नपत्रिका काढण्याच्या आणि तपासण्याच्या कामात काढली आहेत, आणि माझं मत उलट आहे. मधल्या गुणांवर अडकलेली मुलं हे वाक्य बोलतात तेव्हा ती बहुतेक वेळा खरंच बोलत असतात. त्यांना येत असतं. फक्त ते येतं की नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं पुस्तक समोर उघडं ठेवून, आणि परीक्षेत नेमकं तेच मिटलेलं असतं.

माझी भाची प्रवेश परीक्षेला पुन्हा बसते म्हणाली तेव्हा तिचे गुण काही वाईट नव्हते, पण हव्या त्या कॉलेजच्या कटऑफपर्यंत पोचत नव्हते. या खेपेला क्लास नको, घरीच करते, असंही तिने जाहीर केलं आणि घरात दोन तट पडले. मला तिने बाजूला घेऊन काम सांगितलं: 'मावशी, तू मला शिकवू नकोस. तू फक्त वेळ लाव, आणि वेळ संपली की पेपर हातातून काढून घे.' शिकवू नकोस म्हटल्याचा क्षणभर राग आला. मग लक्षात आलं, आपल्यात काय कमी आहे ते पोरीला बरोबर कळलंय.

क्लासमध्ये शिकवतात हे खरं, पण शिकवणं आता दुर्मीळ राहिलेलं नाही. चांगली पुस्तकं आहेत, एकेका संकल्पनेवर ढीगभर व्हिडिओ आहेत, जुन्या प्रश्नपत्रिका सहज मिळतात. क्लास जे देतो आणि एकट्याने अभ्यास करणाऱ्याला जे मिळत नाही ते वेगळंच आहे. तिथे कुणीतरी आपल्याला नको असलेल्या वेळी, नको असलेल्या धड्यावर प्रश्न विचारतं, आणि उत्तर चुकलं तर दया न दाखवता चूक देतं. एकट्याच्या अभ्यासात शिक्षक भाड्याने मिळतो, परीक्षक मिळत नाही. तो स्वतःच व्हावं लागतं. आणि आपल्या हाताने आपल्याला शून्य देणं कुणाला आवडतं?

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चार सत्रांत तो पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रातच काय तो वाचला, तीन-साडेतीन वेळा. उरलेल्या तीन सत्रांत कोरा कागद घेऊन आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे: त्यांना ८३ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानंतर पुन्हा घेतली. वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते, लिहिणारे ६१ वर. वाचणाऱ्यांना आपल्या स्मरणाबद्दल जास्त भरवसा होता, हेही त्यात नोंदवलेलं आहे.

मला या आकड्यांतला आठवड्याचा निकाल जितका महत्त्वाचा वाटतो त्याहून पाच मिनिटांचा जास्त वाटतो. कारण रात्री पुस्तक मिटताना आपण स्वतःला जे विचारतो, 'झाला का धडा?', ती पाच मिनिटांनंतरचीच चाचणी असते. त्या चाचणीत नुसतं वाचणारा नेहमीच पास होतो. रोज रात्री पास होत होत तो परीक्षेच्या दिवशी पोचतो, आणि मग पेपरात सुचत नाही.

भाचीच्या पहिल्या खेपेच्या वह्या मी चाळल्या. देखण्या होत्या. व्याख्या पिवळ्या, सूत्रं हिरवी, अपवाद गुलाबी. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पुराव्यांवर पारखल्या, तेव्हा रंगीत खुणा करणं आणि पुन्हा वाचणं या दोन्ही तळाला गेल्या; स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागून करणं या दोन वर आल्या. खुणांचा तोटा असा की खूण करताना हात चालत असतो, म्हणून डोकंही चालतंय असं वाटतं. तिने मार्कर टाकून दिले नाहीत, पण त्यांचं काम बदललं. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या पानावर राहिलेलं उतरवायचं, आणि मग पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल रंगात भरायचं. सुरुवातीला पानं लालभडक व्हायची. ती चिडायची. 'असं वाटतं की मला काहीच येत नाही.' तिची आई म्हणायची, मग कशाला करतेस असं? पोरीचा आत्मविश्वास जातोय, ही काळजी खोटी नव्हती. पण अभ्यासाच्या टेबलावरचा आत्मविश्वास आणि गुण यांचं नातं फार विचित्र असतं.

किती विचित्र, ते गणितात दिसतं. डग रोरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींची घनफळं काढायला शिकवलं. काहींनी एका आकृतीची सगळी उदाहरणं संपवून दुसरी घेतली, काहींनी चारही सरमिसळ केली. सरावात पहिल्या गटाची ८९ टक्के उदाहरणं बरोबर, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा झाली: पहिला गट २० टक्के, सरमिसळवाले ६३. धड्याखालचे प्रश्न सोडवताना कुठलं सूत्र लागणार हे धड्याच्या शीर्षकानेच सांगितलेलं असतं. प्रवेश परीक्षेत शीर्षक नसतं. प्रश्न कुठल्या धड्यातला आहे हे ओळखणं हा प्रश्नाचा पहिला अर्धा भाग असतो आणि धड्याधड्याने केलेल्या सरावात तो भाग एकदाही सोडवला जात नाही. भाचीने जुने पेपर धड्यांनुसार लावलेल्या पुस्तकाऐवजी सलग छापलेले घेतले, ते याच कारणासाठी. खर्च तेवढाच, सराव वेगळा.

आता मुख्य गोष्ट. सराव पेपर तर सगळेच सोडवतात. तीन तास बसायचं, उत्तरं ताडून पाहायची, गुण मोजायचे, चांगले आले तर खूष, नाही आले तर उदास, दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर. पेपरवरचे एकूण गुण ही त्या पेपरातली सगळ्यात निरुपयोगी माहिती आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पेपर सोडवायला जितका वेळ, त्याहून जास्त तो तपासायला लागला पाहिजे. नाहीतर पेपर वाया गेला म्हणायचं, आणि चांगल्या प्रश्नांचे पेपर काही अमर्याद नसतात.

आम्ही एक नियम केला होता. उत्तरसूची उघडण्याआधी, म्हणजे पेपर सोडवतानाच, प्रत्येक उत्तरापुढे खूण करायची: खात्री, शंका किंवा तुक्का. एवढ्याशा खुणेने पेपराचं रूप पालटतं. शंका होती आणि चुकलं, त्यात नवल नाही. दोन रकाने मात्र डोळे उघडतात. एक, तुक्का लागून बरोबर आलेली उत्तरं. ते गुण आपले नाहीत, उधारीचे आहेत; पुढच्या पेपरात परत द्यावे लागतील. दुसरा रकाना खात्रीने चुकलेल्यांचा. इथे मुलीला काहीतरी येतंय, आणि जे येतंय ते चुकीचं आहे. ही गाठ कितीही वाचून सुटत नाही, कारण पक्क्या वाटणाऱ्या गोष्टीकडे आपण पुन्हा वळून पाहत नाही. याला एक दिलाशाची बाजू आहे. ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं की खात्रीने दिलेलं उत्तर चुकीचं निघालं आणि बरोबर उत्तर लगेच कळलं, तर ती दुरुस्ती बिनखात्रीच्या चुकांपेक्षा जास्त पक्की बसते. धक्का कामी येतो म्हणायचा. पण त्यासाठी आधी खात्रीची खूण केलेली हवी. नाहीतर चूक दिसल्यावर 'हो, मला वाटतच होतं' असं मन लगेच म्हणून मोकळं होतं.

मग उरतात त्या 'सिली मिस्टेक'. या वर्गवारीवर माझा जुना राग आहे. सिली म्हटलं की चूक माफ होते, तिचा तपास थांबतो. भाचीच्या अशा चुका आम्ही एका वहीत नुसत्या वर्णन करून लिहायला लागलो: काय चुकलं, कुठल्या ओळीत, घड्याळात तेव्हा किती वाजले होते. काही पेपरांनंतर त्या चुका मुळीच विखुरलेल्या नाहीत असं दिसलं. कंसाबाहेरचं वजा चिन्ह आतल्या दुसऱ्या पदाला लावायचं राहणं. 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे' मधला 'अ' डोळ्यांनी गिळणं. त्रिज्या हवी असताना व्यास तसाच घालणं. सेंटिमीटरचं मीटर न करणं. पेपरामागून पेपर याच. आणि बहुतेक शेवटच्या अर्ध्या तासात. ज्या चुकीला पत्ता आहे आणि यायची वेळ ठरलेली आहे तिला निष्काळजीपणा का म्हणायचं? 'जरा लक्ष देऊन सोडव' या सल्ल्याचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. परिणाम झाला तो क्षुल्लक वाटणाऱ्या सवयींचा: नकारार्थी शब्दाभोवती गोल करायचा, दिलेल्या राशी एककांसकट आधी एका ओळीत लिहायच्या, कंस सोडवताना मधली पायरी गाळायची नाही.

इथे माझ्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. बहुपर्यायी प्रश्नात बरोबर उत्तर लिहिणं सोपं असतं, मेहनत असते ती चुकीचे पर्याय लिहिण्यात. ते हवेतून काढत नाहीत. मुलं काय काय चुकतील याचा अंदाज घेऊन, त्या चुकांमधून जी उत्तरं निघतात तीच पर्यायांत ठेवतात. गोलाची त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली तर घनफळ किती टक्क्यांनी वाढेल? पर्याय: १०, २१, ३०, ३३.१. बरोबर उत्तर ३३.१, कारण १.१ चा घन १.३३१. पण ३० कुठून आलं? तीन मिती म्हणून दहाला तिनाने गुणणाऱ्यासाठी. २१ ठेवलंय वर्ग करून पृष्ठफळावर थांबणाऱ्यासाठी, १० विचारच न करणाऱ्यासाठी. म्हणजे आपलं उत्तर पर्यायांत सापडलं यावरून काहीच सिद्ध होत नाही. चुकीचं उत्तरही तिथे आधीपासून आपली वाट बघत असतं. पेपर तपासताना याचाच उलटा उपयोग होतो. चुकीचा प्रत्येक पर्याय कुठल्या चुकीतून आला हे शोधायचं. भाचीला या खेळाची इतकी गोडी लागली की ती स्वतः प्रश्न रचून मला घालायला लागली. त्यातला एक मला अजून सोडवता आलेला नाही. प्रश्नच चुकीचा असावा असा माझा संशय आहे.

कुठल्या धड्यांवर वेळ घालवायचा, याचं उत्तरही तपासलेल्या पेपरातून निघतं. स्वाभाविक ओढ दोन टोकांकडे असते: आवडता धडा पुन्हा करावा, किंवा ज्याची सगळ्यात भीती वाटते तो एकदाचा जिंकावा. गुण बहुधा मध्येच पडलेले असतात, अर्धवट येणाऱ्या धड्यांत, जिथे शंकेच्या खुणा दाटीने असतात. आपण गुणांच्या पायरीवर कुठे उभे आहोत यावरही बरंच ठरतं. निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे आपल्या मागे किती टक्के परीक्षार्थी आहेत त्यावर, लागतो तिथे मधल्या भागात माणसांची दाटी असते. थोडेसे गुण वाढले तरी हजारोंना मागे टाकता येतं. वरच्या टोकाला आकडा हलत नाही आणि क्रमांक मात्र उड्या मारतो. दहा लाख परीक्षार्थी धरले तर ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण दहा हजार जण असतात आणि ९९.९ वाल्याच्या पुढे हजार. त्या दशांश टप्प्यांत नवीन धडा शिकण्यापेक्षा दोन चुका टाळणं जास्त मोलाचं ठरतं.

विसरण्याबद्दल थोडं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्मृतीवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. प्रयोगासाठी त्याने दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि स्वतःच तपासल्या. एकट्याने अभ्यास करणाऱ्यांचा हा मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही. त्याची घसरणारी आलेखरेषा सगळे दाखवतात आणि मुलांना घाबरवतात, पण त्याने मोजलं काय होतं ते फारसं कुणी सांगत नाही. त्याने मोजली होती बचत: तीच यादी पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती वेळ वाचला. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, एका दिवसाने ३४, आणि ३१ दिवसांनंतरही २१ टक्के. म्हणजे महिन्याने यादी कोरी वाटली तरी दुसऱ्यांदा ती स्वस्तात येते. लाल पानांनी रडकुंडीला आलेल्या मुलीला मी हेच सांगितलं होतं. तिचं उत्तर, 'मग तिसऱ्यांदा अजून स्वस्त?' हो. म्हणूनच उजळणी लांबवत न्यायची: आज, दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने, आणि दर वेळी आधी कोरा कागद.

परीक्षेच्या खोलीतले निर्णयही आधीच घरी घेऊन ठेवता येतात, तिथे बसून घ्यायचे नसतात. तुक्का मारावा का? जेईई मेन आणि नीटच्या बहुपर्यायी प्रश्नांसारखी पद्धत घ्या: चार पर्याय, बरोबरला ४, चुकीला वजा १. डोळे मिटून केलेल्या चार तुक्क्यांत सरासरीने एक लागतो: ४ मिळाले, ३ गेले, १ उरला. नफा आहे, पण नगण्य. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर तीन तुक्क्यांत २ उरतात. दोन खोडले तर दोन तुक्क्यांत ३. निगेटिव्ह मार्किंगच्या धास्तीने दोन पर्याय खोडूनही प्रश्न कोरा सोडणारी मुलं मी इतकी पाहिली आहेत की हा हिशेब भिंतीवर लावावासा वाटतो. अर्थात नियम परीक्षेगणिक वेगळे. सॅट या अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत पूर्वी पाच पर्याय असत आणि चुकीला पाव गुण जाई, म्हणजे आंधळ्या तुक्क्याचा हिशेब बरोबर शून्यावर यायचा. २०१६ पासून तिथे वजा गुणच नाहीत, म्हणून कोरं सोडणं हा निव्वळ तोटा.

आणि उत्तर बदलावं का? 'पहिलं मनात आलेलंच बरोबर असतं' हे सगळे छातीठोकपणे सांगतात. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दीड हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी तपासल्या. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीवरून बरोबरवर गेली होती, २५ टक्के बरोबरवरून चुकीवर. तरी समज टिकून आहे, कारण बरोबर असलेलं खोडल्याची बोच आयुष्यभर लक्षात राहते, आणि चुकीचं खोडून वाचलेला गुण कुणी आठवत बसत नाही. मी हे भाचीला ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि मग आपल्या सगळ्या सराव पेपरांतल्या खाडाखोडी मोजल्या. गणितात बदललेलं बहुतेक सुधारलेलं होतं. रसायनशास्त्रात मात्र पाठांतराच्या प्रश्नांत ती बदलून बदलून घाण करत होती. तिने स्वतःपुरता नियम केला: नवीन कारण लिहिता आलं तरच बदलायचं, नुसतं अस्वस्थ वाटलं म्हणून नाही. सरासरीच्या संशोधनावर तिने स्वतःच्या वहीचा निकाल लावला हे पाहून माझ्यातली जुनी परीक्षक फार सुखावली.

अशा अभ्यासाने गुण किती वाढतात? छापील आकडे सावधपणे घ्यावेत. २०१७ मध्ये सॅट घेणारं कॉलेज बोर्ड आणि ऑनलाइन मोफत शिकवणारी खान अकादमी यांनी जवळपास अडीच लाख विद्यार्थ्यांची आकडेवारी जाहीर केली: मोफत सरावावर २० तास घालवणाऱ्यांचे गुण पीसॅट या सॅटआधीच्या पूर्वपरीक्षेपासून सॅटपर्यंत सरासरी ११५ ने वाढले, न वापरणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. आकडा छान आहे. पण स्वतःहून वीस तास बसणारी मुलं मुळातच वेगळी असतात, त्यामुळे वाढीतला किती भाग सरावाचा आणि किती त्या मुलांचा, हे त्यातून सांगता येत नाही. क्लासच्या जाहिरातींनाही हीच शंका लावावी. शिवाय तीच मुलगी त्याच तयारीने दोनदा बसली तरी गुण थोडे इकडेतिकडे होतातच. म्हणून एका सराव पेपरवरून आनंदायचंही नाही आणि कोसळायचंही नाही. निदान तीन-चार पेपर एकत्र ठेवून पाहावं.

परीक्षेच्या संध्याकाळी भाचीने विषयवार अंदाज कागदावर लिहून माझ्याकडे दिला. निकाल आला तो त्या अंदाजाच्या आसपासच. गुण चांगले वाढले होते. एक विभाग मात्र जिथल्या तिथे राहिला होता, आणि अंदाजाच्या कागदावरही तो तसाच होता. पहिल्या पसंतीचं कॉलेज हुकलं, दुसऱ्या पसंतीचं मिळालं. तिचे बाबा म्हणाले, एवढी वाढ झाली तर अजून एकदा बसायला काय हरकत आहे? 'उरलेले गुण त्या एकाच विभागात आहेत,' ती म्हणाली, 'आणि तो मला मुळीच आवडत नाही. त्याच्यासाठी अख्खं वर्ष द्यावं इतकं काही ते कॉलेज भारी नाहीये.' बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी हिशेब तपासून पाहिला, बरोबर होता. त्याच आठवड्यात तिने प्रवेश घेतला.